पेन्सिलीची फुली

"हे टोक जरा धरा हो," असं म्हणून त्या माणसाने टेपचं टोक आमच्या पांडू मेस्त्रीच्या हातात दिलं आणि पांडूने ते धरलंही.

मी क्रेनखाली उभी होते. खाऱ्या पाण्याच्या टाकीतून बर्फाचे डबे वर येत होते. बंदरावर चार ट्रॉलर बर्फासाठी खोळंबले होते आणि त्यांचे तांडेल दर पाच मिनिटांनी फोन करून माझं डोकं खात होते. अशा वेळी इस्त्रीची पँट आणि पांढरे बूट घातलेला कुणी माणूस माझ्याच आवारात माझ्याच माणसाला कामाला लावतोय, हे मला आधी खरंच वाटेना.

"कोण तुम्ही?"

"पुण्याहून आलोय मॅडम. मोजणीला. दिगंबरशेठना कल्पना आहे. तुमचं चालू द्या, आमची काही अडचण नाही."

"तुमची नसेल. माझी आहे. कसली मोजणी?"

"रिसॉर्टची." त्याने समुद्राकडे हात केला. "सगळ्या खोल्या या बाजूला तोंड करून. हे मशीनघर पाडलं की मोकळं होईल."

मशीनघर म्हणजे आमचा अमोनियाचा कॉम्प्रेसर. माझ्या वडिलांनी, भिकाजी कोयंड्यांनी, तो बेळगावहून जुना आणला, तेव्हा मी सातवीत होते. देवगडला तेव्हा बर्फ ट्रकने यायचा आणि अर्ध्याचं वाटेतच पाणी व्हायचं. वडील गेल्यावर एकोणीस वर्षं कारखाना मी चालवत होते. धाकटा भाऊ दिगू कागदोपत्री माझ्या बरोबरीचा, पण त्याचा जीव पर्यटनात. होड्या, तंबू, कुठल्या कुठल्या लोकांबरोबर जेवणं. बँकेने कर्जासाठी अट घातली तेव्हा आम्ही दोघांची एलएलपी, म्हणजे नोंदणी केलेली भागीदारी, केली. अर्धा मी, अर्धा तो. दोघांच्या सहीशिवाय वीटही हलणार नाही, असं करारात होतं. कारखाना विकूया असं तीनदा त्याने विचारलं, तीनदा मी नाही म्हटलं. विषय तिथे संपला होता.

"टेप गुंडाळा," मी म्हटलं. "माझ्या सहीशिवाय इथलं काही विकलं जात नाही."

तो माणूस हसला. हसण्यात वाईट काही नव्हतं, म्हणून जास्तच राग आला. "मॅडम, दोन सह्या लागतात ना? तीनपैकी दोन. त्या आम्हाला सोमवारी मिळतायत."

"तीनपैकी?"

त्याने बॅगेतून झेरॉक्स काढून दिली. भागीदार क्रमांक एक, वासंती भिकाजी कोयंडे. ती मी. भागीदार क्रमांक दोन, दिगंबर भिकाजी कोयंडे. आणि भागीदार क्रमांक तीन, सौ. हेमलता दिगंबर कोयंडे.

हेमा. माझी भावजय. सोळा वर्षांत जिने कारखान्याचं फाटक ओलांडलं नव्हतं, जिला बर्फाची लादी आणि चुरा यातला फरक माहीत नव्हता, ती माझ्या बापाच्या कारखान्याची तिसरी मालकीण. खाली लिहिलं होतं, यापुढचे सर्व निर्णय भागीदारांच्या बहुमताने होतील.

तळपायाची आग मस्तकात गेली.

"पांडू, तो टेप सोड," मी म्हटलं. "आणि ह्यांका फाटकाभायर घाल."

"आता मी काय केलंय, बाय?" पांडू म्हणाला, पण टेप सोडला. तो सर्रकन जाऊन त्या माणसाच्या बोटांवर बसला. मला बरं वाटलं.

बर्फाची पिकअप घेऊन मी तशीच कणकवलीला निघाले. मागे भुसा आणि ओली गोणपाटं. नांदगावच्या फाट्यापर्यंत मी करंबेळकरांना काय काय बोलायचं ते मोठ्याने म्हणत होते. करंबेळकर म्हणजे आमचे सीए. वडिलांच्या वेळेपासूनचे, चांगले, घरच्यासारखे, आमच्या गणपतीला न चुकता येणारे.

"खोटी सही करून माणूस आत घेतलात," मी दारातूनच म्हटलं. "मी पोलिसात जाणार. आधी तुमच्यावर, मग दिगूवर."

त्यांच्यासमोर दोन अशील बसले होते. ते उठून बाहेर गेले. करंबेळकरांनी फाइल काढली, शेवटचं पान उघडलं आणि माझ्याकडे वळवलं.

"बसा. ही सही कुणाची?"

सही माझी होती. 'वा'चा काना खाली ओढायची माझी सवय, ती कुणाला नक्कल करून जमायची नाही. कागदावर पाण्याचा एक सुकलेला गोल डाग होता. आणि सहीच्या उजव्या बाजूला, अर्धवट खोडलेली, पेन्सिलीची बारीक फुली.

ती फुली मी लगेच ओळखली.

दर सप्टेंबरात करंबेळकरांचा कारकून शिरसाट फाइल घेऊन यायचा. चाळीस-पन्नास जागी सह्या. कुठे करायच्या ते कळावं म्हणून तो आधीच पेन्सिलीने फुल्या मारून आणायचा. सही झाली की फुली खोडायची, की कागद सरकारात. मी क्रेनखालीच उभ्याउभ्या, डब्याच्या झाकणावर फाइल ठेवून सह्या करायचे. कागद ओले व्हायचे. शिरसाट कुरकुरायचा, "बाई, एकदा वाचून तरी बघा." आणि मी दरवर्षी मोठ्या ऐटीत म्हणायचे, "तुम्ही पाठवलंय म्हणजे बरोबरच असणार. मला बर्फ आहे."

"दिगंबरराव म्हणाले, तुमचं बोलणं झालंय," करंबेळकर म्हणाले.

"आणि तुम्ही मला एक फोन केला नाहीत."

"सही होती ना, बाई."

"आणि सरकारात कागद पाठवताना संगणकावर लागते ती सही कुणी केली?"

"ती तुमची इथेच असते." त्यांनी टेबलाचा खण ओढला. आत पन्नासेक पेनड्राइव्ह. प्रत्येकाला चिकटपट्टी, त्यावर नाव आणि पासवर्ड. अर्ध्या तालुक्याच्या सह्या त्या खणात पडल्या होत्या. मेडिकलवाले, काजूवाले, पेट्रोलपंपवाले. मी हात घालून माझी उचलली.

पोलिसात जाऊन काय सांगणार होते मी? सही माझी आहे, पण डोळे माझे नव्हते? एकोणीस वर्षं मी गावाला दाखवत आले होते की बाई असून कारखाना चालवते, मला कोणी फसवू शकत नाही. आणि मला फसवायला दिगूला एक पेन्सिल पुरली होती.

"हिला काढायची कशी?" मी विचारलं.

"तसं काढता येत नाही. तिने स्वतःहून राजीनामा दिला तर गोष्ट वेगळी."

"टाइप करा."

"त्यांच्याशी बोललात का?"

"तिच्याशी काय बोलायचं? टाइप करा म्हणते ना."

त्यांनी केला. अर्धं पान. मी खाली सही करणार हेमलता, माझ्या इच्छेने, कोणत्याही दबावाशिवाय वगैरे. ते पान घेऊन मी गाडीत बसले. लाद्यांचा हिशेब ठेवायला डॅशबोर्डवर एक पेन्सिल असते, ती घेतली आणि तिच्या नावाच्या वर फुली मारली. हेमा वाचत बसणारी नव्हतीच. कुठे सही करायची ते दिसलं की झालं, एवढाच विचार तेव्हा माझ्या डोक्यात होता.

दिगूचं घर बंदराच्या वरच्या अंगाला. मी पोचले तेव्हा दोन वाजले असतील. तो घरी नव्हता. हेमा ओटीवर मशीनशी बसून कुणाच्या तरी साडीला फॉल लावत होती. फॉल-पिकोची कामं ती कधीपासून घ्यायची. मी त्याला टाइमपास म्हणायचे, तिच्यासमोरही.

"वन्सं, तुम्ही? ह्या उन्हाचा?" ती उठली. "सोलकढी देतंय."

"सोलकढी नको. मालकीणबाई झालंस, आता आमी तुका सोलकढी देवची."

तिचा चेहरा कोरा. तो मला नाटकी वाटला.

"हेमा, तोंड बघीत रवा नको. माझ्या बापाशीचो कारखानो विकूक निघालास दोघा जणा. माका विचारुचा पण नाय? सोळा वर्सां गप रवलंस, ती ह्याच्यासाठी?"

"कोणाचो कारखानो?"

मी ती झेरॉक्स तिच्या मशीनवर आपटली. सुई त्या कागदात घुसली. तिने ती हळूच सोडवली, चष्मा लावला, आणि स्वतःच्या नावावर बोट ठेवून उभी राहिली.

"ह्या माझा नाव," ती म्हणाली.

"तुझाच. आणि सही पण तुझीच असतली."

"सही केलंय मी. पावसात. ह्येंनी कागद हाडल्यानी, म्हणाले बँकेचो आसा, गॅसची सबसिडी येता तेचो. मगे मोबाइलवर कोणाक तरी तोंड दाखवून नाव सांगूक लावल्यानी. फुली होती थय केलंय सही."

मी ओटीच्या पायरीवर बसले. खरं सांगते, त्या क्षणी मला तिची दया आली नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. ही कटात नाही, म्हणजे काम सोपं झालं.

"मग झाला तर," मी म्हटलं. "तुका पण फसवल्यान, माका पण. हो कागद घे. ह्येच्यावर सही कर, की तू सुटलंस, मी पण सुटलंय."

"ह्यो कसलो?"

"तू भागीदार नाय, असो."

"वन्सं, भागीदार म्हणजे काय होता ता सांगा माका."

मला घाई होती. दिगू यायच्या आत सही हवी होती. तरी सांगितलं, चिडून, भराभरा. की कारखान्याचा तिसरा हिस्सा तुझ्या नावावर आहे. की विकायचा तर तिघांतल्या दोघांनी हो म्हणायला हवं. की मी नाही म्हणणार, दिगू हो म्हणणार, आणि तू नवऱ्याच्या मागून मान हलवणार, म्हणून तर त्याने तुला आत घातलं.

"म्हणजे कारखानो ऱ्हवतलो काय जातलो, ता माझ्यावर आसा?"

"आता आसा. सही केलंस की नाय रवाचा."

तिने राजीनामा हातात घेतला.

"वाचूक काय नाय त्यात," मी म्हटलं. "ती बघ फुली. थयसर सही कर."

तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. माझ्या आधी कुणाकडे तरी तिने असंच पाहिलं असावं, इतक्या ओळखीच्या नजरेने.

तेवढ्यात दिगूची बुलेट वाजली. पुणेकराने त्याला फोन केला असणार. चपला न काढताच तो ओटीवर आला.

"बाय, त्या माणसाक तू भायर काढलंस? सोमवारी व्यवहार आसा, माझी लाज काढतंस?"

"तुका लाज आसा? बायलेक गॅसची सबसिडी सांगान सही घेतंस?"

"घरातली गजाल आसा ती. तुझा काय जाता त्यात?" तो हेमाकडे वळला. "आणि तू गो? काय धरून ऱ्हवलंस ता?"

"राजीनामो," हेमा म्हणाली.

"फाड तो."

"फाडू नको," मी म्हटलं. "सही कर."

"हेमा, फाड म्हणतंय ना."

"हेमा, आता कर सही, मगे हो तुका करूक देवचो नाय."

आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना उभे होतो. कोयंड्यांचा आवाज मुळात मोठा. शेजारच्या मेतरांच्या बायका कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. हेमा खाली बसली. मशीनचा छोटा खण उघडला. त्यात रिळं, बॉबिन, आणि मापं लिहिताना लागतं ते खोडरबर. ते घेऊन तिने राजीनाम्यावरची फुली खोडली. सावकाश, कागद चुरगळू न देता. खोडरबराचा भुगा फुंकला आणि कागदाची घडी घालून ब्लाउजात ठेवली.

"आधी वाचतंय," ती म्हणाली. "मगे बघतंय."

"काय बघतंस?" दिगू ओरडला. "तुका काय कळता त्यातला?"

"कळाक नाय म्हणानच वाचतंय."

मला वाटलं, ही भांडण टाळतेय, सोमवारपर्यंत दिगू तिला गुंडाळणार. त्या तीन दिवसांत मी नीट जेवले नाही. दिगूला फोनवर नको नको ते बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि हेमावरही रागावले. सोपी गोष्ट होती, एक सही, तीही बाईला जमली नाही.

सोमवारी सकाळी सात वाजता ती कारखान्याच्या फाटकात उभी होती. एकटी, चालत आलेली, हातात पिशवी. मीटिंग अकराला होती.

"इतक्या लवकर?"

"माका बघूचा आसा."

मी वैतागून तिला पांडूच्या हवाली केलं. चार तास ती त्याच्या मागे फिरली. पाणी कुठून येतं, मीठ किती, डबा किती तासांनी उचलता, लादीच्या मध्ये पांढरं का राहतं. पांडूला आयुष्यात इतके प्रश्न कुणी विचारले नव्हते. तो खुलून गेला होता. ट्रॉलरचा एक तांडेल तिच्या माहेरचा निघाला, आचऱ्याचा, त्याच्याशीही ती उभी राहून बोलली.

अकराला दिगू आला, पुण्याचा माणूस आला. माझ्या पत्र्याच्या केबिनमध्ये तीनच खुर्च्या, पांडूने पालथा डबा आणून दिला. हेमा त्या डब्यावर बसली.

दिगूने ठराव वाचला. जागा आणि मशिनरी विकण्यास मंजुरी. "मी हो," तो म्हणाला.

"मी नाय," मी म्हटलं.

"हेमा?"

"माझो बापूस आचऱ्याक तांडेल होतो," ती म्हणाली. "बर्फ मेळाक नाय म्हणान माशांनी भरलेली होडी परत दर्यात उलटी करताना मी बघलंय. तेव्हा मी लहान होतंय. म्हणान नाय."

दिगूचा चेहरा जो झाला, तो मी अजून विसरलेले नाही. तो उठला, खुर्ची पडली. "घराक ये, मगे बघतंय तुका."

"येतंय ना," हेमा म्हणाली. "घर पण माझाच आसा. त्येचे कागद काडून ठेवा, ते पण वाचूचे आसत."

पुण्याचा माणूस बॅग उचलून कधी गेला कळलंही नाही. पुढे वर्षभरात त्याने मिठबावच्या बाजूला कुठेतरी जागा घेतली म्हणे.

दिगू बाहेर गेला आणि मी जिंकले होते. मी हेमाचा हात धरला. डोळ्यात पाणी होतं माझ्या, ते नाकारत नाही. "तू कारखानो राखलंस," मी म्हटलं. "आता तो राजीनामो दी. तुझी ह्या कटकटीतसून सुटका."

तिने घडी काढली, उलगडली, टेबलावर ठेवली. फुलीची जागा थोडी खरबरीत झाली होती.

"तीन दिवस वाचलंय, वन्सं. ह्येच्यात लिवलेला आसा, 'माझ्या इच्छेने'. कोणाच्या इच्छेने?"

"अगो, ता तसाच लिवतत."

"माका आत घेताना कोणी विचारूक नाय. भायर काढताना पण कोणी विचारूक नाय. ह्येंनी फुली मारल्यानी, मगे तुमी मारलास." ती उभी राहिली. "मी खय जावचंय नाय."

रागाने माझे कान तापले. माझ्या बापाचा कारखाना, माझी एकोणीस वर्षं, आणि ही फॉल लावणारी बाई मला दिगूच्या पंगतीला बसवून निघाली होती. "चालती हो," मी म्हटलं. खरंच म्हटलं. ती गेली आणि दुसऱ्या दिवशी सातला परत आली.

आता ती रोज येते. गिऱ्हाइकांचे फोन तीच घेते, माझ्यापेक्षा गोड बोलते, आणि उधारीवर माझ्यापेक्षा कडक आहे. दिगूने वर्षभर आम्हा दोघींशी अबोला धरला, मग गणपतीत बोलला. माझा आणि तिचा वाद आठवड्यातून दोनदा होतो. गेल्या पंधरवड्यातच नव्या कॉम्प्रेसरवरून झाला आणि मी हरले.

पण त्या वर्षीच्या सप्टेंबरचं सांगायचं राहिलं. शिरसाट फाइल घेऊन आला, पेन्सिलीच्या फुल्या मारून, नेहमीसारखा. मी क्रेनखाली पेन उघडून उभी. हेमाने फाइल माझ्या हातातून घेतली, केबिनमध्ये नेली आणि दार लावून घेतलं. तास झाला, दोन झाले. शिरसाटची कणकवलीची एसटी गेली. तो माझ्याकडे बघत होता, मी ट्रॉलरकडे बघत होते.

दुपारी तिने दार उघडलं. एकूण एक फुली खोडलेली होती.

"वन्सं, आत या," ती म्हणाली. "तुमचा वाचून होईपर्यंत मी बर्फ बघतंय."

मी आत गेले, चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.